कुलूपबंद घरात मदत शिरते कशी?

घर घेताना गृहस्थ ज्या गोष्टींची चौकशी अगत्याने करतो, त्यांत दाराचा क्रमांक बराच वरचा असतो. चौकट सागवानी आहे ना, फळी जाड आहे ना, कडी-कोयंडा भक्कम आहे ना, हे तो ठोकून ठोकून पाहतो. आणि हल्ली तर मुख्य दाराबाहेर आणखी एक लोखंडी जाळीचे दार बसविल्यावाचून त्याच्या जिवाला स्वस्थता वाटत नाही. ही काळजी रास्तच आहे. परक्याने आत येऊ नये, हे दाराचे पहिले काम होय. तथापि आलेल्या माणसाचा हेतू दाराला कळत नाही. चोराला ते जसे अडविते, तसेच स्नानगृहात घसरून पडलेल्या आजीकडे धावत आलेल्या माणसालाही अडविते. अशा वेळी अग्निशामक दलाचे जवान, पोलीस किंवा रुग्णवाहिकेबरोबरची माणसे बंद घरात शिरतात तरी कशी, त्यासाठी कोणती विद्या वापरतात, आणि त्यांचे काम सोपे व्हावे म्हणून आपण गृहस्थांनी आधी काय करून ठेवावे, ह्याची थोडी माहिती वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

विषय कदाचित रुक्ष वाटेल. परंतु आपल्या मंडळींपैकी कितीतरी घरांत आज वडीलधारी माणसे एकटीदुकटी राहतात. मुले कोणी पुण्यास, कोणी बंगळूरास, कोणी अमेरिकेत. रात्री निजताना ही मंडळी आतून दोन-दोन कड्या लावतात, साखळी अडकवितात, आणि मग निर्धास्त होतात. त्या निर्धास्तपणाची दुसरी बाजू कोणी तरी एकदा त्यांच्यापुढे मांडली पाहिजे.

प्रसंग कोणते?

बंद घर उघडण्याचे प्रसंग मुख्यतः चार प्रकारचे असतात. पहिला आगीचा किंवा धुराचा. दुसरा गॅस गळतीचा. घरधनी बाहेर गेलेला असतो आणि जिन्यात वास सुटलेला असतो. तिसरा आत कोणी आजारी किंवा बेशुद्ध पडल्याचा. चौथा लहान मुलाचा; आई कचरा टाकावयास बाहेर गेली, वाऱ्याने दार लागले किंवा दोन वर्षांच्या बाळाने खेळता खेळता आतली कडी सरकविली, आणि चुलीवर दूध उतू जात आहे, असा तो प्रसंग.

ह्या चारही प्रसंगांत काम एकच दिसते, दार उघडणे. पण प्रत्येकाची घाई निराळी असते. मूल खिडकीशी उभे राहून हसत असेल, तर जवान अर्धा तास खटपट करून एकही खिळा न मोडता दार उघडतील. तेच मूल धुरात असेल, तर दाराची किंमत कोणी विचारणार नाही. किती वेळ आहे आणि किती मोडतोड क्षम्य आहे, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे तुकडीचा नायक जिना चढतानाच मनाशी जुळवीत असतो.

आगीत वेळ किती थोडा असतो, ह्याची कल्पना यावी म्हणून एक प्रयोग सांगतो. अंडररायटर्स लॅबोरेटरीज ह्या अमेरिकेतील संस्थेने दोन बैठकीच्या खोल्या सजवून त्या पेटवून पाहिल्या. एकीत जुन्या पद्धतीचे लाकडी व सुती सामान होते, दुसरीत आजकालचे फोम आणि कृत्रिम धाग्यांचे. जुन्या सामानाची खोली पूर्णपणे भडकण्यास जवळजवळ अर्धा तास लागला. नव्या सामानाची खोली चार मिनिटांच्या आतच भडकली. आपल्या घरातील कापसाची गादी जाऊन तिच्या जागी फोमची आली, लाकडी खुर्ची जाऊन सोफा आला, तेव्हा हा हिशेब आपल्याही घरात बदलला, हे आपल्या ध्यानात सहसा येत नाही.

आत शिरणे कोणी शिकविले?

पूर्वी आग विझविण्याची रीत रस्त्यावर उभे राहून खिडकीतून पाण्याचा झोत सोडण्याची होती. त्याने भिंती भिजत, पण आग आतल्या खोलीत जळतच राही. ही रीत मोडण्याचे श्रेय मुख्यतः जेम्स ब्रेडवुड ह्या स्कॉटिश गृहस्थाकडे जाते. १८२४ साली एडिंबरो शहराचे अग्निशामक दल उभे राहिले, त्याचा तो प्रमुख होता. १८३३ पासून तो लंडनच्या दलाचा प्रमुख झाला. आगीच्या मुळाशी जावयाचे तर घरात शिरले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता, आणि आपल्या माणसांना त्याने तसेच तयार केले. १८६१ साली लंडनमधील टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत अंगावर कोसळून तो कामावर असतानाच मरण पावला. घरात शिरावयाचे एकदा ठरले की बंद दाराचा प्रश्न ओघानेच पुढे येतो. तेव्हापासून तो प्रश्न अग्निशामकांच्या शिक्षणाचा भाग होऊन बसला आहे. आपल्या देशात अग्निशमन अधिकाऱ्यांना शिक्षण देणारे राष्ट्रीय महाविद्यालय १९५६ साली रामपूर येथे निघाले आणि पुढच्याच वर्षी ते नागपुरास आले. आजही ते तेथेच आहे.

आधी ढकलून पाहा

ह्या विद्येचा पहिला पाठ ऐकून हसू येईल. तो पाठ असा की, हत्यार उचलण्यापूर्वी दाराची मूठ फिरवून पाहा. घाबरलेल्या शेजाऱ्यांनी 'दार बंद आहे' असे सांगितले म्हणजे ते बंद असतेच असे नाही. कधी ते नुसते लोटलेले असते, कधी मागचे दार उघडे असते, कधी किल्ली समोरच्याच बिऱ्हाडात असते आणि गोंधळात कोणी तिची आठवणच केलेली नसते.

दुसरा पाठ असा की, दार हीच एकमेव वाट समजू नका. आपल्याकडील सदनिकांत पुष्कळदा पुढचे दार किल्ल्यासारखे आणि गच्चीकडचे दार नुसत्या एका खिटीवर असते. म्हणून जवान शेजारच्या सज्जातून, वरच्या मजल्यावरून दोर सोडून, किंवा शिडी लावून सज्जात उतरतात, आणि आत जाऊन पुढचे दार आतून सहज उघडतात. वर्तमानपत्रांत अडकलेल्या बाळांच्या सुटकेची जी वृत्ते येतात, त्यांत हीच युक्ती वारंवार आढळते. ती दिसावयास सोपी असली तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कधीही करू नये. दोर, पट्टा आणि तो धरणारा शिकलेला माणूस ह्यांवाचून ह्या सज्जातून त्या सज्जात जाणे म्हणजे एकाऐवजी दोन जीव धोक्यात घालणे होय.

दार वाचण्याची विद्या

दुसरी वाट नसेल तेव्हाच दाराला हात घालावयाचा. पण त्याआधी ते वाचावे लागते. प्रथम पाहावयाचे ते बिजागऱ्यांकडे. बिजागऱ्यांचे सांधे बाहेरून दिसत असतील तर दार आपल्याकडे, म्हणजे बाहेर उघडते. दिसत नसतील तर बहुधा आत उघडते. आम्ही एकदा वर्गात मुलांना विचारले की, तुमच्या घराचे दार आत उघडते की बाहेर? रोज दहा वेळा ते उघडणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांना उत्तर देण्यापूर्वी हात हवेत हलवून पाहावा लागला. दलाला दूरध्वनी करताना मोठ्या माणसांचीही हीच स्थिती होते.

नंतर पाहावयाचे ते हे की, दार कोणकोणत्या ठिकाणी धरलेले आहे. जवान हाताने वर, मध्ये आणि खाली दाबून पाहतो. जेथे दार किंचित हलते तेथे कडी नाही. जेथे हलत नाही तेथे आहे. बाहेरून कुलूप असेल तर काम त्या मानाने सोपे. आपल्याकडे कुलपांचा धंदा जुना आहे. गोदरेजांचा कारखाना १८९७ साली मुंबईत निघाला तो कुलपांसाठीच. चांगले कुलूप सहजासहजी तुटत नाही, ही गोष्ट खरी. पण ते ज्या कोयंड्यात अडकविलेले असते तो कोयंडा पुष्कळदा चार आखूड स्क्रूंवर बसविलेला असतो. जाणता माणूस कुलपाशी झगडत बसत नाही, तो कोयंडाच उपटतो.

आतल्या कडीचेही तसेच आहे. फळी दीड इंच जाड असेल, पण कडीचा दांडा चौकटीत बोटभरच शिरलेला असतो. दाराचे बळ त्याच्या सर्वांत दुबळ्या जागेइतके असते, आणि ती जागा म्हणजे दार आणि चौकट ह्यांमधील फट. म्हणून शिकलेला जवान चित्रपटातील नायकासारखा खांद्याने दाराला धडका देत नाही. तसे करण्याने खांदा निखळतो आणि दार जागच्या जागी राहते.

हॅलिगनची पहार

ह्या फटीसाठी बनविलेले एक हत्यार आज जगभरच्या अग्निशामक दलांत प्रसिद्ध आहे. न्यू यॉर्कच्या दलातील ह्यू हॅलिगन नावाच्या अधिकाऱ्याने ते १९४८ साली तयार केले. दिसावयास ते पहारेसारखे. लांबी सुमारे अडीच फूट आणि वजन सुमारे चार किलो. एका टोकाला दुभंगलेली, किंचित वाकलेली कटावणी. दुसऱ्या टोकाला वाकसाच्या पात्यासारखे एक रुंद पाते आणि त्याच्या काटकोनात एक अणकुचीदार सुळा. त्यापूर्वीची हत्यारे जड होती, आणि त्यांतल्या काहींचे भाग जोडलेले असल्याने ऐन वेळी सांध्यात दगा देत. हॅलिगनने आपले हत्यार एकसंध घडविलेल्या पोलादाचे केले. बॉस्टन शहराच्या दलाने ते आरंभीच मोठ्या प्रमाणावर घेतले आणि पुढे त्याचा प्रसार झाला.

ते चालविण्यास दोन माणसे लागतात. एकजण पाते फटीत धरतो, दुसरा कुऱ्हाडीच्या सपाट पाठीने त्यावर घाव घालतो. क्रम असा की, प्रथम फट पाडावयाची, मग पाते खोल बसवून ती फट राखावयाची, आणि मगच जोर लावावयाचा. शाळेत शिकलेला तरफेचा नियम येथे उपयोगी पडतो. टेकूच्या एका बाजूला तीन-चार अंगुळे आणि दुसऱ्या बाजूला दीड हाताची दांडी, म्हणून सामान्य ताकदीच्या माणसाचाही जोर कित्येक पटींनी वाढतो. दार बाहेर उघडणारे असेल तर पात्याने ते आपल्याकडे ओढावयाचे. आत उघडणारे असेल तर दुभंगलेले टोक चौकट आणि फळी ह्यांमध्ये घालून ते आत लोटावयाचे. जेथे पहार मारण्यास जागा नसते तेथे हातपंपाने चालणारा लहानसा जॅक फटीत बसवितात. ब्रिटनमधील पोलीस सोळा किलोंचा पोलादी ठोकळा दोन्ही हातांनी झुलवून कुलपाच्या जागी मारतात. आणि मोडतोड टाळावयाची असेल तेव्हा कुलपाचे नळकांडेच विशेष चिमट्याने ओढून काढतात व आतला खटका फिरवितात. दार शाबूत राहते, कुलूप तेवढे नवे घ्यावे लागते.

ह्या हत्यारांच्या एका पूर्वजाबद्दल अमेरिकन अग्निशामकांत एक आख्यायिका आहे. एका बँकेला आग लागली होती. ती विझविल्यावर ढिगाऱ्यात एक विचित्र कटावणी सापडली. ती दरोडेखोरांची होती. बँक फोडून त्यांनीच आग लावली होती. अग्निशामकांनी तिचा घाट उचलला आणि तसलीच कटावणी बनवून घेतली. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, अशी आपल्याकडे म्हण आहे; त्या वाटा वाचविणाऱ्यांनाही शिकाव्या लागतात, एवढेच ह्या गोष्टीवरून घ्यावयाचे. फरक असा की, चोर आवाज न करता शिरतो. जवान मात्र शिरण्यापूर्वी दार ठोठावतो आणि मोठ्याने हाक मारून आपण कोण आहोत ते सांगतो.

लोखंडी जाळ्यांचा प्रश्न

आता आपल्या घरांकडे वळू. परदेशातील पुस्तकांत एका दाराचा विचार असतो. आपल्याकडे दारे दोन, आणि वर खिडक्यांना व सज्जांना लोखंडी जाळ्या. म्हणजे पुढची वाट दुप्पट अवघड आणि इतर सर्व वाटा बंद. जाळी कापण्यास कात्रीसारखे द्रवदाबाचे यंत्र किंवा फिरती करवत लागते. ते यंत्र वर नेणे, गजामागून गज कापणे, ह्यात जी मिनिटे जातात ती परत मिळत नाहीत.

दिल्लीच्या अनाज मंडी भागात ८ डिसेंबर २०१९ रोजी पहाटे कारखान्याच्या इमारतीस आग लागली. आत कामगार झोपलेले होते. खिडक्यांना जाळ्या होत्या आणि जवानांना त्या कापून आत जावे लागले. ४३ माणसे दगावली. हैदराबादेत चारमिनाराजवळ गुलजार हौज येथे १८ मे २०२५ च्या सकाळी एका जुन्या घराला आग लागली. खाली दुकाने, वर राहते घर, आत जाण्यास बोगद्यासारखी एकच अरुंद वाट आणि एकच जिना. शेजारच्या माणसांनी शटर व भिंत फोडून आत शिरण्याची शिकस्त केली, असे त्या वेळच्या वृत्तांतांत आले आहे. १७ जण गेले, त्यांत ८ मुले होती. ह्या घटनांत दोष कोणाचा, हे ठरविणे आमचे काम नव्हे. ज्या घराला आत शिरण्यास एकच वाट असते त्याला बाहेर पडण्यासही एकच वाट असते, एवढी गोष्ट मात्र प्रत्येक गृहस्थाने लक्षात ठेवावी.

घाई केव्हा घातक ठरते?

दार जितक्या लवकर उघडेल तितके बरे, असे आपल्याला वाटते. दोन ठिकाणी ते खरे नाही. कोंडलेल्या खोलीत आग हवेवाचून धुमसत असेल आणि कोणी एकदम दार उघडले, तर ताजी हवा आत शिरताच तापलेला धूर स्फोटासारखा पेट घेतो. म्हणून जवान आधी हाताच्या मागल्या बाजूने दार खालून वर चाचपून पाहतो. फटीतून धूर श्वासोच्छ्वासासारखा आतबाहेर होतो काय, काचा काळवंडून तापल्या आहेत काय, हेही तो पाहतो. पाण्याची नळी भरून सज्ज असल्यावाचून तो असे दार उघडत नाही, आणि उघडल्यावरही ते हातात धरून ठेवतो. मदतीच्या भरात शेजाऱ्यांनी खिडक्यांच्या काचा फोडू नयेत, ह्याचे कारण हेच.

दुसरे ठिकाण गॅसचे. घरगुती सिलिंडरातील गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो आणि दाराखालून जिन्यात उतरतो. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपल्याला कळावे म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. अशा घराची घंटा दाबणे हाच मोठा धोका, कारण घंटेच्या बटणातील ठिणगीही पुरते. दिवा लावू नये, लावलेला विझवू नये. हाताने दार ठोठवावे, सर्वांना खाली उतरवावे आणि दूर जाऊन १९०६ ह्या गॅसच्या तातडीच्या क्रमांकावर व अग्निशामक दलाला कळवावे. तेथे जवानही ठिणगी पाडणारी करवत चालवीत नाहीत. पितळेसारख्या ठिणगी न पाडणाऱ्या धातूची हत्यारे वापरतात.

स्नानगृहाचे दार

आजारी माणसाच्या बाबतीत अडचण अनेकदा बाहेरच्या दाराची नसते, आतल्याची असते. माणूस स्नानगृहात भोवळ येऊन पडतो, आणि पडतो तो दारालाच टेकून. दार आत उघडणारे असेल तर त्याच्याच देहाचा अडसर होतो. जोराने लोटावे तर त्याला इजा होते. मग झरोक्याच्या काचपट्ट्या काढून एखाद्या सडपातळ जवानाला आत उतरविणे किंवा दाराचा वरचा भाग कापणे, एवढेच उरते. ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत त्यांनी स्नानगृहाचे दार बाहेर उघडणारे करून घ्यावे, किंवा बाहेरून नाण्याने फिरविता येईल असा खटका बसवावा. आणि वृद्धांनी आतून कडी न लावण्याची सवय करावी. लाज वाटत असेल तर दाराला एक पाटी अडकवावी. गॅसवर चालणारा गीझर आत असेल तर धोका आणखी वाढतो. बंद जागेत त्यापासून होणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि त्याने माणूस कडी काढण्याआधीच बेशुद्ध होतो.

कायदा काय म्हणतो?

शेजाऱ्यांच्या मनात एक भीती असते. आपण सांगितले, दार मोडले, आणि आत काहीच झालेले नसले तर? दुधाची पिशवी दाराशी तशीच, आतला दिवा भरदिवसा जळतो आहे, आत फोन वाजून वाजून बंद होतो आहे, आणि तरीही चार माणसे जिन्यात उभी राहून 'संध्याकाळपर्यंत वाट पाहू' म्हणतात. ह्या संकोचापायी फार मोलाचा वेळ जातो.

कायदा ह्या बाबतीत आपल्या समजुतीपेक्षा उदार आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ८१ प्रमाणे, अधिक मोठी हानी टाळण्यासाठी, दुष्ट हेतूवाचून व सद्भावाने केलेले कृत्य केवळ त्यापासून नुकसान होण्याचा संभव होता म्हणून गुन्हा ठरत नसे. मोठ्या आगीत ती पसरू नये म्हणून घरे पाडणाऱ्या माणसाचेच उदाहरण तेथे दिलेले होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १९ मध्ये तेच तत्त्व आहे. अग्निशमनाच्या व नगरपालिकांच्या कायद्यांनीही आगीच्या प्रसंगी दलाला घरात शिरण्याचा, प्रसंगी दार फोडण्याचा अधिकार दिलेला असतो. ब्रिटनमध्ये १९८४ च्या एका कायद्याने जीव वाचविण्यासाठी घरात शिरण्याचा अधिकार पोलिसांना स्पष्ट शब्दांत दिला आहे. ह्याचा अर्थ कोणीही उठून कोणाचेही दार फोडावे असा नव्हे. खरी शंका आली की ११२ ह्या क्रमांकावर कळवावे, आणि पोलीस व दल ह्यांच्यादेखत दार उघडू द्यावे. आगीसाठी १०१ आणि पुष्कळ राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांकही आहेत.

किल्लीची व्यवस्था

काही देशांनी दार मोडण्याऐवजी किल्लीचीच सोय करून ठेवली आहे. अमेरिकेत इमारतीच्या भिंतीत पोलादी पेटी बसवून तीत किल्ल्या ठेवतात. ती उघडणारी किल्ली फक्त स्थानिक अग्निशामक दलाजवळ असते. जर्मनीत मोठ्या इमारतींच्या प्रवेशद्वाराशी अशी पेटी असते आणि आगीची स्वयंचलित सूचना गेल्यावरच ती दलासाठी मोकळी होते. ब्रिटनमध्ये एकट्या वृद्धांच्या दाराबाहेर आकड्यांच्या कुलपाची लहान पेटी असते. आकडा त्यांची देखभाल करणाऱ्यांना ठाऊक असतो.

आपल्याकडे ह्याहून जुनी आणि बिनखर्चाची एक पद्धत होती. वाड्यात राहणारा माणूस गावाला निघाला की किल्ली शेजारच्या काकूंकडे देऊन जाई. सदनिकांत आलो आणि ती पद्धत सुटली. ती परत आणणे हाच आमच्या मते सर्वांत चांगला उपाय होय. किल्ली उघडी द्यावयाचा संकोच वाटत असेल तर लखोट्यात घालून, वर सही करून द्यावी. शेजाऱ्यांशी बनत नसेल तर त्याच इमारतीतील दुसरा कोणी विश्वासू माणूस शोधावा. दूर राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांच्या शेजाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक आपल्याजवळ ठेवावे. किल्ली असून उपयोग व्हावा म्हणून आतून मात्र एकच कुलूप लावावे, जे बाहेरून किल्लीने उघडते ते. वरखालच्या कड्या आणि अडसर लावून किल्ली शेजाऱ्याला देणे व्यर्थ आहे.

आणखी चार गोष्टी थोडक्यात सांगतो. खिडकीच्या किंवा सज्जाच्या एका तरी जाळीला आतून उघडणारी झडप करून घ्यावी. तिची किल्ली जवळच, पण बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्याला टांगावी आणि ती घरातील मुलांनाही ठाऊक असावी. लहान मूल असलेल्या घरात खालची कडी काढून टाकावी. जिन्यात सायकली, पेट्या, कुंड्या ठेवू नयेत. पहार घेऊन धावणाऱ्या माणसाला त्याच आधी अडवितात. आणि दलाला कळविताना पत्ता व मजला, दारे एक की दोन, दार आत उघडते की बाहेर, आत कोण आहे, गॅसचा वास येतो काय, एवढे सांगावे. ह्या माहितीवरून कोणते हत्यार बरोबर न्यावयाचे ते त्यांना निघतानाच ठरविता येते.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' ह्या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझविण्यास गेलेले अनेक अग्निशामक मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो. म्हणून वर्षातून त्या एका दिवशी तरी प्रत्येक घराने आपल्या दाराची, जाळीची आणि शेजारी ठेवलेल्या किल्लीची पाहणी करावी. कुलूप बदलले असेल तर नवी किल्ली शेजारी पोचली आहे की नाही, ते त्याच दिवशी पाहावे. आणि आपल्या जिन्यात जे कोणी एकटे राहत असतील, त्यांचे दार ठोठावून त्यांची किल्ली कोणाकडे आहे, एवढे विचारून यावे.